लांबच्या सफरीआधी शॉकअपचं तेल बदला

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा सरला की दुचाकीवरून कोकणात आणि गोव्यात उतरणाऱ्यांसाठी, मे-जूनमध्ये लडाखला निघणाऱ्यांसाठी सगळ्याच वृत्तपत्रांत तयारीच्या याद्या छापून येतात. इंजिन ऑइल, चेन, टायर, ब्रेक पॅड, क्लच केबल, पंक्चर किट. याद्या चांगल्या असतात, पण पुढच्या शॉकअपमधलं, म्हणजे पुढच्या चाकाचे धक्के जिरवणाऱ्या दोन नळ्यांमधलं तेल त्यात जवळपास कधीच नसतं. सर्व्हिसिंगच्या जॉब कार्डावरही ते क्वचित दिसतं. दर काही हजार किलोमीटरला इंजिन ऑइल न चुकता बदलणारी माणसं त्याच गाडीच्या शॉकअपमध्ये कारखान्यात भरलेलं तेल पाच-सहा वर्षं वागवतात. तेल अडवणारं रबरी सील फुटून पाइपावर तेलाचे ओघळ आले की मगच ‘शॉकअपचं काम’ निघतं, आणि तोवर तेलाचा जीव कधीच गेलेला असतो. या कामाची सविस्तर माहिती मराठीत सहज मिळत नाही, म्हणून हे लांबलेलं पत्र.

शॉकअपमध्ये स्प्रिंग गाडीचं वजन पेलते. खड्ड्यात दाबलेली स्प्रिंग मोकळी होताना गाडीचं तोंड वर फेकते, त्या उसळीला आवर घालण्याचं काम तेलाचं. आतल्या सीट पाइपाला असलेल्या बारीक भोकांतून तेल जोरानं ढकललं जातं आणि त्या अडथळ्यातच धक्का जिरतो. तेल पातळ झालं की तेच भोक त्याला अडवेनासं होतं. घाट उतरताना पुढचा ब्रेक लावल्यावर तोंड खाली बसतं, ब्रेक सोडताच उसळून वर येतं. रंबल स्ट्रिपांवरून जाताना पुढचं चाक रस्त्याला चिकटून राहण्याऐवजी नाचतं. नाचणाऱ्या चाकाला ब्रेक लागत नाही, एबीएस वेळेआधीच थरथरू लागतं. मागे पॅनिअर बॅगा आणि सोबत माणूस असेल तर हे सगळं आणखी उघड होतं.

तेल खराब होतं ते अनेक वाटांनी. आतले बुश, म्हणजे पाइपाला सरळ धरणाऱ्या कड्या, झिजतात, स्प्रिंग पाइपाच्या आतल्या भिंतीला घासत राहते, त्याची बारीक धातूची पूड तेलात उतरते. तेलाला दाटपणा टिकवून ठेवणारी जी रसायनं असतात त्यांच्या लांब साखळ्या भोकांतून लाखो वेळा चिरडल्या जाऊन तुटतात. फेस न येऊ देणारं रसायन संपतं. पावसात डस्ट सीलच्या (धूळ अडवणाऱ्या बाहेरच्या रबरी कडीच्या) ओठातून पाणी शिरतं. कोकणातल्या जांभ्याची तांबडी धूळ आणि किनाऱ्याची खारी हवा यांनी त्यात भर पडते. जुन्या शॉकअपचं तेल पारदर्शक बरणीत काढून पाहा. सुरुवातीचं मधाच्या रंगाचं, फार तर गढूळ वाटतं. शेवटचं वीस-तीस मिलिलिटर मात्र उगाळलेल्या गंधासारखं घट्ट, शिशाच्या रंगाचं येतं, त्याला कुजका वास असतो आणि बरणी उन्हात फिरवली की आत चांदीसारखी वलयं तरंगतात. ती वलयं म्हणजे बुशाची पूड.

साधा नियम म्हणून २०,००० किलोमीटर किंवा दोन वर्षं, यातलं जे आधी येईल ते धरावं. नव्या गाडीचं पहिलं तेल १०,०००च्या आसपासच काढलं तर फार बरं, कारण बुश बसताना सगळ्यात जास्त पूड तेव्हाच निघते. काही गाड्यांच्या पुस्तिकेत शॉकअपसमोर फक्त ‘गळती तपासा’ एवढंच असतं. त्यावरून हे तेल जन्मभर टिकतं असा अर्थ काढू नये.

आता प्रत्यक्ष काम. उदाहरण म्हणून रॉयल एनफील्डची हिमालयन ४११ घेऊ. आपल्याकडे सफरीसाठी ती भरपूर वापरली गेली आहे आणि तिचा पुढचा शॉकअप साध्या, सरळ जातीचा आहे. ४१ मिमीचा पाइप, २०० मिमीची चाल (शॉकअप दबू शकतो ते अंतर), पुढे २१ इंची चाक. क्लासिक आणि मिटिऑर ३५० यांचाही पाइप ४१ मिमीचाच, चाल १३० मिमी. क्लासिकमध्ये पाइपांवर कव्हरं असल्यानं खोलायला वेळ जास्त जातो, इतकंच. मिलिलिटरचा आणि पातळीचा नेमका आकडा मात्र ज्याच्या त्याच्या सर्व्हिस मॅन्युअलमधूनच घ्यावा. एकाच नावाच्या गाडीत वर्षागणिक स्प्रिंग बदलते आणि तिच्यासोबत आकडाही. लांब चालीच्या ४१ मिमी शॉकअपला प्रत्येक बाजूला साधारण अर्ध्या लिटरच्या आसपास तेल लागतं. एक लिटरची बाटली जेमतेम पुरते किंवा थोडक्यात कमी पडते, त्यामुळे दोन बाटल्या आणूनच काम सुरू करावं. एका शॉकअपमध्ये एका कंपनीचं आणि दुसऱ्यात दुसऱ्याच कंपनीचं तेल, ही वेळ स्वतःवर येऊ देऊ नये.

तेल कोणतं, यावर सर्वाधिक गोंधळ आहे. डब्यावरच्या ‘१० डब्ल्यू’ या आकड्याला शॉकअपच्या तेलात नेमका असा अर्थ नाही. ४० अंश सेल्सिअसला एका कंपनीचं १० डब्ल्यू तिसाच्या घरात असतं, दुसरीचं पंचेचाळीसच्या पुढे जातं. हे आकडे सेंटिस्टोक्सचे, म्हणजे तेलाचा दाटपणा मोजण्याच्या एककाचे. तेव्हा डब्यावरचा मोठा आकडा सोडून कंपनीच्या माहितीपत्रकातला ४० अंशांचा सेंटिस्टोक्सचा आकडा पाहावा आणि मूळ तेलाशी तो जुळवावा. इंजिन ऑइल मात्र शॉकअपमध्ये कधीही घालू नये. उरलेलं २० डब्ल्यू ४० शॉकअपमध्ये ओतण्याची सवय अजून गेलेली नाही. ४० अंशांना ते १० डब्ल्यूच्या शॉकअप तेलाच्या तिपटीहून जाड भरतं. गाडी ‘टाइट’ झाली म्हणून गिऱ्हाईक खूश होतं, पण खडबडीत रस्त्यावर चाक दाबलं गेल्यावर पुढचा खड्डा येईपर्यंत शॉकअप पूर्ण उघडतच नाही. एकामागून एक खड्डे आले की तो आणखी आणखी खाली बसत जातो आणि शेवटी दगडासारखा होतो. आडगावी दुसरं काहीच मिळत नसेल तर चारचाकीच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तांबडं तेल, म्हणजे एटीएफ, तात्पुरतं चालतं. त्याचा पातळपणा १० डब्ल्यूच्या जवळ असतो आणि एके काळी काही जपानी गाड्यांच्या पुस्तिकांत तेच सांगितलेलं असे.

गाडी मेन स्टँडवर घ्यावी, इंजिनाखाली लाकडी ठोकळा ठेवून जॅक लावावा आणि पुढचं चाक अधांतरी करावं. जॅकचा भार इंजिन झाकणाऱ्या पातळ बॅश प्लेटवर येऊ देऊ नये, ती काढून फ्रेमवर टेकवावा. चाक काढण्याआधी एक काम करायचं, जे नव्वद टक्के लोक विसरतात. दोन्ही पाइप वर-खाली पकडून ठेवणाऱ्या दोन ‘टी’ असतात. त्यातल्या वरच्या टीचे बोल्ट सैल करून, खालची टी घट्ट असतानाच, पाइपाच्या तोंडावरचा कॅप बोल्ट पाव फेरा सैल करून ठेवावा. शॉकअप बाहेर काढल्यावर हा कॅप सोडायला पाइप शिकंजात धरावा लागतो आणि शिकंजात धरलेला क्रोमचा पाइप बाद झाला म्हणूनच समजा. हँडल आडवं येत असेल तर त्याचे क्लॅम्प सैल करून ते पुढे टेकवावं. मग पाइपाचं वरचं टोक टीच्या पृष्ठभागापेक्षा किती वर आहे ते व्हर्निअरनं मोजून लिहून ठेवावं, किंवा टीच्या काठाला लागून पाइपावर टेप चिकटवावी. दोन्ही बाजू वेगवेगळ्या उंचीवर बसल्या तर एक्सल तिरपा जातो.

ब्रेकचा कॅलिपर काढून तारेनं फ्रेमला टांगावा, होजवर लोंबकळू देऊ नये. पॅडांमध्ये पुठ्ठ्याची घडी अडकवावी, म्हणजे चुकून लिव्हर दाबला गेला तरी पिस्टन बाहेर येणार नाहीत. एबीएसच्या सेन्सरची वायर कुठून कशी गेली आहे त्याचा मोबाइलवर फोटो घ्यावा. चाक, मडगार्ड, मग टीचे बोल्ट. शॉकअप पिळत पिळत खाली ओढला की येतो. टीच्या फटीत स्क्रू ड्रायव्हर ठोकून ती फाकवू नये.

कॅप पूर्ण सोडताना तोंड बाजूला ठेवावं. खाली दाबलेली स्प्रिंग असते आणि शेवटचा आटा सुटला की कॅप बंदुकीच्या गोळीसारखा उडतो. तळहाताखाली जाड फडकं धरून खाली दाबत दाबत सोडावा. मग स्पेसर, वॉशर आणि स्प्रिंग ज्या क्रमानं निघतील त्याच क्रमानं कागदावर मांडून ठेवावीत. स्प्रिंगची वेटोळी एका टोकाला जवळजवळ असतील तर ते टोक वर होतं की खाली, याची खूण करावी. स्प्रिंग सावकाश ओढली तर तिच्या अंगावरचं तेल आतच निथळतं.

शॉकअप पालथा करून तेल मोजपट्टीच्या भांड्यात ओतावं आणि पाइप पूर्ण चालीनं आठ-दहा वेळा वर-खाली करावा. सीट पाइपाच्या मागे अडकलेलं तेल असं पंप केल्याशिवाय येत नाही. मग तो वीस-पंचवीस मिनिटं पालथाच टांगून ठेवावा. दोन्ही बाजूंचं निघालेलं तेल वेगवेगळं मोजावं. तीस-चाळीस मिलिलिटरचा फरक असेल तर कमी निघालेल्या बाजूचं सील गळत असण्याची शक्यता धरावी, वरून दिसो वा न दिसो. नवं तेल मात्र जुन्या मापानं भरू नये, जुनं माप आधीच कमी झालेलं असतं. गाळ जास्त असेल तर शंभर-दीडशे मिलिलिटर स्वस्त शॉकअप तेल घालून पंप करावं आणि टाकून द्यावं. रॉकेल किंवा डिझेलनं आतून धुणं चुकीचं. ते सीट पाइपामागे उरतं, नव्या तेलात मिसळून ते पातळ करतं आणि पहिल्याच दिवशी तेलाचा दर्जा घालवतं.

पूर्वीच्या अनेक गाड्यांच्या बॉटमला (पाइप ज्यात सरकतो त्या खालच्या नळ्याला) तेल काढण्याचा स्क्रू असे. आता बहुधा नसतो. स्क्रू असला तरी त्यातून गाळ नीट निघत नाही, त्यामुळे शॉकअप उतरवून पालथा करणं हेच खरं काम.

सील बदलायचं असेल तर बॉटमच्या तळाचा एलन बोल्ट सोडावा लागतो आणि तिथे बहुतेकांचा घाम निघतो. बोल्टसोबत आतला सीट पाइपही फिरत राहतो. त्यासाठी हा बोल्ट स्प्रिंग आणि कॅप आत असतानाच, शॉकअप दाबून धरून, हलका करून घ्यावा. स्प्रिंगच्या दाबानं सीट पाइप अडून बसतो. एअर गन असेल तर एका झटक्यात सुटतो. तेही जमलं नाही तर टोक निमुळतं केलेला लाकडी दांडा वरून सीट पाइपाच्या तोंडात ठोकून बसवावा आणि दुसऱ्यानं तो धरून ठेवावा. बोल्टाखालचं तांब्याचं वॉशर नवं घालावं, आट्यांवर लॉकटाइट (आटे सैल न होऊ देणारा द्रव) लावावं. जुनंच वॉशर परत घातलं की तेल बॉटमच्या तळातून एक्सलवर झिरपतं आणि लोक चांगल्या सीलला दोष देत बसतात.

डस्ट सील उचकटून वर सरकवावं, खालची सर्क्लिप (सीलला अडवून धरणारी तारेची कडी) काढावी आणि मग पाइप व बॉटम दोन हातांत धरून झटक्यानं ओढावं. तीन-चार हिसक्यांत बुश, वॉशर आणि सील एकत्र बाहेर येतात. स्क्रू ड्रायव्हरनं सील उकरून काढताना बॉटमच्या खाचेला ओरखडा गेला तर नवं सीलही गळणार. बुशाच्या आतला काळसर लेप जाऊन तांब्याचा रंग दिसू लागला असेल तर बुशही बदलावेत. नवं सील पाइपावर चढवताना पाइपाच्या काठावर दुधाची प्लॅस्टिक पिशवी ओढावी, तिला थोडं शॉकअप तेल लावावं आणि तिच्यावरून सील सरकवावं. काठाची धार सीलच्या ओठाला लागता कामा नये. सील ज्या बाजूला अक्षरं आहेत ती वर ठेवून, मापाच्या पीव्हीसी पाइपाचा तुकडा उभा चिरून त्यानं सगळीकडून सारखं ठोकत बसवावं. सर्क्लिपची खाच पूर्ण दिसली की सील बसलं.

पाइप वाकला आहे का हे व्ही-ब्लॉकवर डायल गेजनं पाहतात. बहुतेक पुस्तिकांत ०.२ मिमीची मर्यादा दिलेली असते. गेज नसेल तर जाड सपाट काचेवर पाइप लोळवून फट दिसते का ते पाहावं. ही फक्त अंदाजाची तपासणी. क्रोमवर गंजाचे बारीक खड्डे असतील तर सील कितीही वेळा बदला, महिन्याभरात गळणार. एखादाच खड्डा असेल तर त्याची उभी धार २००० नंबरच्या पॉलिश पेपरनं तेल लावून मारावी. सीलच्या चालीच्या पट्ट्यात खड्ड्यांची रांग असेल तर पाइपच बदलावा.

आता तेल भरण्याचा भाग. हात घाईनं चालतात ते इथेच. पुस्तिकेतल्या मापाच्या नव्वद टक्के तेल आधी ओतावं. स्प्रिंग बाहेरच ठेवून पाइप सावकाश, पूर्ण चालीनं दहा-बारा वेळा वर-खाली करावा. सुरुवातीला हाताला पोकळ लागतं, बुडबुड्यांचा गुळगुळ आवाज येतो. हवा निघून गेली की प्रत्येक चालीत सारखा, भरीव रेटा जाणवतो. मग शॉकअप उभा, सरळ ठेवून दहा मिनिटं सोडावा म्हणजे फेस बसतो. त्यानंतर पाइप पूर्ण खाली दाबून, स्प्रिंग न घालता, पाइपाच्या वरच्या काठापासून तेलाच्या पृष्ठभागापर्यंतचं अंतर मोजायचं. हीच ती पातळी. मोठ्या सिरिंजला बारीक नळी लावून नळीवर त्या अंतरावर टेप गुंडाळावी, टेप काठावर टेकवावी आणि जास्तीचं तेल ओढून घ्यावं. नळीत तेलाऐवजी हवा येऊ लागली की पातळी बरोबर झाली. दोन्ही बाजूंत फार तर एक-दोन मिलिमीटरचा फरक चालेल.

इतकी काटेकोर मोजणी कशासाठी, हे आकड्यांत पाहण्यासारखं आहे. ४१ मिमीच्या पाइपाचा आतला व्यास सुमारे ३७ मिमी धरला तर १० मिलिलिटर तेलानं पातळी ९ मिमीहून थोडी जास्त चढते. समजा पुस्तिकेत १४० मिमी दिले आहेत. म्हणजे वर दीडशे मिलिलिटर हवा. त्यातली साठ स्प्रिंगनं आणि स्पेसरनं व्यापली. उरली नव्वद. शॉकअप २०० मिमी उघडल्यावर तीच हवा सुमारे साडेतीनशे मिलिलिटर जागेत असते. म्हणजे खड्ड्यात शॉकअप पूर्ण दाबला गेला की हवा जवळपास चौपट दाबली जाते. आता कोणी ‘थोडं जास्त असलेलं बरं’ म्हणून तीस मिलिलिटर तेल वाढवलं, तर दाबलेल्या अवस्थेत साठच मिलिलिटर हवा उरते आणि दाब पाचपटीहून वर जातो. बाहेरच्या हवेचा दाब वजा केला तर सीलवरचा ताण दीडपट होतो. नवं सील घालूनही आठवड्यात गळू लागलेल्या शॉकअपमागे बऱ्याचदा हेच चमचाभर प्रेम असतं. उलट तेल कमी पडलं तर हवेची ती अदृश्य स्प्रिंग ढिली पडते, शॉकअप तळाला आपटतो, आणि सीट पाइपाच्या भोकांपर्यंत फेस पोहोचला की धक्का जिरवणारं काही उरतच नाही. तेव्हा मिलिलिटर हे भरायला सुरुवात करण्याचं माप आणि मिलिमीटर हे काम संपल्याचं माप. बाटलीवरच्या रेघा पाहून दोन्हीकडे सारखं ओतलं म्हणजे झालं, असं नव्हे. एका बाजूत वीस-तीस मिलिलिटर जुनं तेल राहून गेलेलं असू शकतं.

हवेची हीच गोष्ट लडाखला जाणाऱ्यांनी नीट लक्षात घ्यावी. पुण्यात बंद केलेल्या शॉकअपमध्ये पुण्याच्या दाबाची हवा असते. खारदुंग ला ५,३५९ मीटरवर आहे, तिथे बाहेरचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा. आतली हवा मात्र तेवढीच. त्या फरकानं प्रत्येक पाइप पाच-सहा किलोच्या जोरानं बाहेर ढकलला जातो, दोन्हींचा मिळून अकरा-बारा किलो. थंडीमुळे आतला दाब थोडा उतरतो, तरी पुढची बाजू कडक लागते आणि आधीच म्हातारं झालेलं सील तिथेच तोंड उघडतं. काही शॉकअपना वर हवा सोडण्याचा बारीक स्क्रू असतो. पुढचं चाक जमिनीवरून उचलून तो क्षणभर सैल करून पुन्हा बंद करावा. खाली परतल्यावर पुन्हा एकदा तेच, नाहीतर आत हवा कमी राहून शॉकअप मऊ लागतो. ज्यांना असा स्क्रू नाही त्यांनी रस्त्यात कॅप उघडण्याच्या भानगडीत पडू नये. सील आणि पातळी घरूनच नीट करून निघावं. पहाटेच्या थंडीत साधं तेल शून्य अंशाला ४० अंशांच्या तुलनेत सहापटीहून जाड होतं, म्हणून पहिले दहा-पंधरा किलोमीटर शॉकअप लाकडासारखा वाटतो. तिकडे थंडी असते म्हणून इथूनच जाड तेल भरून नेण्याचा सल्ला काही जण देतात. तो अगदी उलटा आहे.

स्प्रिंगची मोकळी लांबी मोजून पुस्तिकेतल्या किमान मापाशी ताडून पाहावी. आखूड झाली असेल तर दोन्ही एकदम बदलाव्यात. मग स्प्रिंग, वॉशर आणि स्पेसर निघाले होते तसेच परत आत घालावेत. कॅपची ओ-रिंग नवी घालावी, कॅप हातानंच दोन-तीन आटे बसवावा. आडवा आटा गेला तर बारीक आट्यांचा अॅल्युमिनिअमचा कॅप आणि पाइप दोन्ही जातात. शॉकअप टीत मूळ उंचीवर चढवून आधी खालची टी घट्ट करावी, मग टॉर्क रेंचनं कॅप, आणि सर्वांत शेवटी वरची टी. हा क्रम बदलू नये. वरची टी आधी आवळली तर ती पाइपाचं तोंड आवळून धरते आणि कॅपचा टॉर्क खोटा येतो.

चाक बसवताना एक्सल घालून नट आवळावा, पण एक्सल पकडणारा पिंच बोल्ट सैलच ठेवावा. गाडी जॅकवरून उतरवून पुढचा ब्रेक धरून हँडल चार-पाच वेळा जोरानं खाली दाबावं, म्हणजे दोन्ही बॉटम एक्सलवर आपापली सरळ जागा घेतात. त्यानंतरच पिंच बोल्ट. हे एक मिनिटाचं काम टाळलं तर शॉकअप एकमेकांना ओढत अडकत चालतात, बुश एका बाजूनं झिजतात आणि नवं तेल भरूनही ‘फरक पडला नाही’ अशी तक्रार येते. मात्र हँडल दाबण्याआधी ब्रेकचा लिव्हर पंप करून पॅड डिस्कला आणावेत. कॅलिपर काढून बसवल्यावर पहिल्या एक-दोन दाबांत ब्रेक लागत नाही, आणि हे गेटाबाहेर पडल्यावर कळणं परवडणारं नसतं.

हे सगळं उलट्या शॉकअपला, म्हणजे जाड नळा वर आणि क्रोमचा पाइप खाली असलेल्याला, जसंच्या तसं लागू नाही. २०१९पासूनची डॉमिनार ४००, केटीएम ३९० अॅडव्हेंचर, हिमालयन ४५० या गाड्यांचे पुढचे शॉकअप ४३ मिमीचे आणि उलटे आहेत. उलट्या जातीत कॅप बहुधा आतल्या रॉडला लॉकनटनं जोडलेला असतो, स्प्रिंग दाबून धरायला खास हत्यार लागतं आणि कार्ट्रिजमधली, म्हणजे धक्का जिरवणाऱ्या आतल्या नळीतली, हवा काढण्याची पद्धत निराळी असते. काही नव्या शॉकअपांत स्प्रिंग एका बाजूला आणि धक्का जिरवणारी यंत्रणा दुसऱ्या बाजूला असते. तिथे दोन्ही बाजूंचं तेल सारखं असेलच असं नाही. ज्यांच्याकडे हत्यारं नाहीत त्यांनी ते घरी खोलू नयेत. पण उलट्या शॉकअपचं सील खालच्या तोंडाशी असल्यानं गळती सुरू झाली की तेल वजनानंच उतरत राहतं आणि थेट कॅलिपरवर, डिस्कवर येतं. तेल प्यायलेले ब्रेक पॅड पेट्रोलनं धुऊन किंवा जाळून परत वापरू नयेत, नवेच घालावेत.

सील गळू लागलं की ते फाटलंच असं मात्र नाही. पुष्कळदा ओठाखाली वाळूचा कण किंवा वाळलेला चिखल अडकलेला असतो. डस्ट सील (साध्या शॉकअपमध्ये वर, उलट्यात खाली) सरकवून दुधाच्या जाड पिशवीची किंवा जुन्या फोटो फिल्मची पट्टी सीलच्या ओठाखाली घालून गोल फिरवली की तो कण बाहेर येतो आणि गळती थांबते. पट्टी पत्र्याची नको. थांबली तरी बाहेर गेलेलं तेल परत येत नाही, म्हणून घरी पोहोचल्यावर पातळी मोजावीच.

काम नीट झालं की नाही हे पाहायला पाइपावर एक बारीक केबल टाय सीलला टेकवून बांधावा. २०० मिमी चालीच्या शॉकअपवर सामानासह बसल्यावर तो पन्नास ते पासष्ट मिलिमीटर दबला तर स्प्रिंग ठीक. नेहमीच्या रस्त्यावरून, गतिरोधकांवरून शंभर-दोनशे किलोमीटर फिरून आल्यावर टाय वर थोडी चाल शिल्लक ठेवून थांबलेला असावा. अगदी शेवटाला गेला असेल तर तेल कमी आहे किंवा फार पातळ आहे. निम्म्यातच अडकला असेल तर पातळी जास्त आहे किंवा तेल जाड आहे.

वर्कशॉपना आणि गाड्या बनवणाऱ्या कंपन्यांना आपल्या पत्रामार्फत दोन विनंत्या कराव्याशा वाटतात. वर्कशॉपनी शॉकअपचं काम केल्यावर जॉब कार्डावर नुसतं ‘फोर्क ऑइल बदललं’ असं न लिहिता तेलाचं नाव, किती मिलिलिटर आणि किती मिलिमीटर पातळी हे लिहावं. खालच्या टीवर तारखेचा आणि किलोमीटरचा स्टिकर लावावा. कंपन्यांनी पातळीचा मिलिमीटरमधला आकडा फक्त सर्व्हिस मॅन्युअलमध्ये न ठेवता गाडीसोबत गिऱ्हाइकाला मिळणाऱ्या पुस्तिकेत छापावा. टायरमधल्या हवेचा दाब जसा छापतात, तसाच. आणि आपल्या पुढच्या सफर विशेषांकातल्या यादीत ब्रेक पॅडच्या खाली ‘शॉकअपचं तेल: शेवटचं कधी बदललं?’ ही एक ओळ यावी.

काढलेल्या तेलाचं काय करायचं, हेही लिहितो. वापरलेलं तेल २०१६च्या घातक कचरा नियमांत येतं. गटारात किंवा आवारातल्या झाडाच्या मुळाशी ते ओतू नये. झाकणाच्या बाटलीत भरून, बाहेर ‘शॉकअपचं जुनं तेल’ असं लिहून, जिथे इंजिन ऑइल बदलून घेता त्या वर्कशॉपच्या जुन्या तेलाच्या पिंपात द्यावं. दोन शॉकअपचं मिळून लिटरभरच असतं, कोणी नाही म्हणत नाही.

कळावे,

आपला,
दुचाकी दुरुस्तीच्या कामातला एक वाचक
पुणे